तुम्ही मागे फिरत होतात का?

सगळे म्हणतात, तुम्ही पुढं तोंड करून गेलात. भेटायला येणारा प्रत्येक माणूस हे वाक्य सोबत घेऊनच येतो. ओसरीवर टेकतो, कोरा चहा नको म्हणतो, मग घेतो, आणि उठताना सांगतो, "वैनी, भाग्याचं मरान आलं. कामावर निघालेला गडी, मागं न बघता गेला." मी मान हलवते.  मागं न बघता म्हणजे काय हो? मागे मी होते.

मला एका जागी बसवत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणून तुम्हीच माहेरच्यांकडे तक्रार करायचात. दहाव्यापर्यंत जावांनी मला कोपऱ्यात धरून ठेवलं. मी उठले की कुणीतरी हाताला धरून खाली बसवायचं. त्यांना वाटायचं मी रडायला उठतेय. मी रानाकडं जाणाऱ्या पाणंदीकडे बघायला उठत होते. परसातल्या शेवग्याच्या बाजूनं मान लांब केली की ओढ्यावरच्या मोरीजवळचा तो लाल पत्रा दिसायचा. तुम्हाला उचलून आणलं, पण ट्रॅक्टर तिथंच राहिला होता. तोंड रानाकडं, पाठ घराकडं, कल्टिवेटर उचललेला. जसा तुम्ही सोडलात तसा. तो कुणालाच हलवता आला नाही, कारण गिअर अडकला होता.

आता हसू नका. सगळ्या पंचक्रोशीत ज्या गिअरवरून आपली चेष्टा झाली, तो गिअर तुमच्यामागेही अडूनच बसला.

मामंजींनी तो ट्रॅक्टर घेतला तेव्हा तुम्हाला मिसरूड फुटत होतं म्हणे. मी लग्न होऊन मेढ्याहून खाली आले, तेव्हा तो नवा राहिला नव्हता, पण तुम्ही त्याला पैलवान म्हणायचात आणि लोकही म्हणायचे. पुढं पैलवानाची हाडं खिळखिळी झाली. हाय-लोचा दांडा लो मध्ये गंजून बसला तो कायमचा, म्हणून आपण रस्त्यानं निघालो की शाळेतली पोरं चालत आपल्या पुढं जायची. मग दुसरा गिअर टिकेना. जरा ओढ लागली की खट्‌ करून दांडा आपोआप मधे यायचा आणि ट्रॅक्टर नुसताच ओरडत उभा. त्यावर तुम्ही उपाय काढलात तो माझ्या पायाचा. मी मडगार्डवर बसायचं, पाय लांब करायचा आणि टाचेनं दांडा दाबून धरायचा. भांगलायला जाताना, खत टाकून येताना, बाजाराला, जत्रेला, सगळीकडं माझी टाच त्या दांड्यावर. मी रुसले की टाच काढून घ्यायची, आणि भर रस्त्यात ट्रॅक्टर थांबायचा. तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "बरं, चुकलं माझं. दाब आता."

किती भांडणं त्या दांड्यावर मिटली आपली. मला आज ती सगळी गोड वाटतात आणि राग येतो, कारण त्यातलं एकही भांडण खरं तर मिटलं नव्हतं. मी म्हणायची, वरचं झाकण उघडून घ्या एकदा, आत काय झिजलंय ते बघा. तुम्ही म्हणायचात, उघडलं की वाढतं. दवाखान्याचंही तुमचं हेच. डॉक्टर तपासतो आणि वाढवून सांगतो. मी नसले की माझ्या टाचेच्या जागी तुम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधायचात, दांड्यापासून सीटखालच्या पट्टीपर्यंत ताणून. ट्यूबवर तुमचा जितका भरवसा होता, तितका कुठल्या मेस्त्रीवर नव्हता.

आणि तुमचा तो नियम. सकाळी निघाल्यावर मागे फिरायचं नाही. नवी गाडी घेतली की पहिली पुढंच घेतात, लिंबावरून, तेवढं मलाही माहीत होतं. तुम्ही ते रोजचं केलंत. घरातून निघताना रिव्हर्स टाकायचा नाही, आणि वाटेत काही विसरल्याचं आठवलं तरी परतायचं नाही. त्यापायी मी किती धावले असेन! पाण्याची कळशी घेऊन, चष्मा घेऊन, फोन घेऊन, एकदा तर तुमचं जेवण घेऊन, पदर खोचून, पाणंदीतून मागनं. तुम्हाला मी येतेय हे कळायचं. ट्रॅक्टरचा वेग कमी करायचात, इतका कमी की मुंगीनंही गाठावं. पण थांबायचात नाही आणि वळायचात तर नाहीच. मी हात लांब करून वस्तू द्यायची, तुम्ही पुढं बघतच घ्यायचात. शेजारच्या रानातले अण्णा बांधावरून ओरडायचे, "बाळू, आरं बाईला पळवून मारतोस का काय!"

कराडचं आठवतं का? गिअर धरून ठेवणारी, झाकण न उघडता बाजूच्या बोल्टातून निघणारी स्प्रिंग की कसलासा तुकडा बदलायचा म्हणून तुम्ही जुना तुकडा कोनाड्यात काढून ठेवलात, आणि तो न घेताच मोटारसायकलला किक मारलीत. वेशीवर आठवलं. मागे फिरायला तेवढं अंतर काय मोठं होतं? पण नाही. तसेच कराडला गेलात, दुकानदाराला दोन बोटांनी माप दाखवलंत, "एवढी, आन जरा तिरकी," आणि एक स्प्रिंग घेऊन आलात. ती काही केल्या बसेना. मी म्हटलं, चुकीची आणलीत. तुम्ही म्हणालात, स्प्रिंग बरोबर आहे, खोकं चुकीचं आहे. खोकं म्हणजे अख्खा गिअरबॉक्स! मामंजींपासून चाललेला अख्खा गिअरबॉक्स चुकीचा, आणि तुमची दोन बोटं बरोबर! मी इतकी हसले होते की भाकरी करपली. त्यानंतर तुम्ही म्हाताऱ्यासारखं तोंड करून जेवलात. ती स्प्रिंग अजून कोनाड्यात आहे. जुनी तेवढी तुम्ही परत आत बसवलीत, लवंडलेल्या माणसाला खांद्यानं उभा धरावा तशी.

त्या सकाळी तुम्ही खांदा चोळत होतात. डावा. मी पाहिलं. अंगणात हळद शिजवून वाळत घातली होती, मी ती पसरत होते. म्हटलं, आज रान राहू दे, कराडला जाऊन छाती दाखवून येऊ. तुम्ही म्हणालात, "दुपारनं बघू. हळदीचं रान उघडं पडलंय, कल्टिवेटर फिरवून येतो." मी तोंड उघडायच्या आत स्टार्टर मारलात. मी अंगणातून ओरडून सांगितलं, वाटेत काही वाटलं तर मागे फिरा. सरळ मागे फिरा. तुम्ही हात वर केलात. त्या हाताचा अर्थ काय होता, ऐकलं की गप, ते मला अजून ठरवता येत नाही.

मग आवाज. तुमच्या ट्रॅक्टरचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. दुसऱ्या गिअरचा तो रडका सूर ओढ्याच्या कडेनं गेला, बाभळीपाशी जरा दबला, मोरीवर आला. मग खर्रकन दात घासल्याचा आवाज. परत एकदा. मग इंजिन एकदम बंद. मला वाटलं, अडकला परत. आता उतरतील, शिव्या देतील, पाना घेऊन दांड्यावर ठोकतील. ते तर नेहमीचंच होतं. मी हळद पसरत राहिले. मग अण्णांच्या रानातली माणसं ओरडत पळताना दिसली.

अण्णा सांगतात, तुम्ही स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होतात, दमलेला माणूस बसतो तसे. त्यांना आधी वाटलं, रागानं बसलाय गडी. तुम्हाला खाली घेतल्यावर जीप आत आणायला वाट हवी म्हणून माणसांनी ट्रॅक्टर पुढं ढकलायला बघितला. ट्यूबची पट्टी सोडून टाकली, गिअरचा दांडा हिसडला, इकडं ओढला, तिकडं लोटला. चाकं हलली नाहीत. दांडा मात्र सुटला आणि लुळा पडला. शेवटी तुम्हाला खाटेवरून रस्त्यापर्यंत आणावं लागलं. तिथवर आणून तरी काय उपयोग होता, ते सगळ्यांनाच कळलं होतं. 

आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा. तुमचा हात शेवटी कुठला गिअर टाकत होता? पुढचा, की मागचा? दांड्यावरून आता काही कळणार नव्हतं, तो कुणी कसाही फिरवावा असा झाला होता. पण आत, झाकणाखाली, तुम्ही टाकलेला गिअर तसाच अडकून बसला असणार. तो पुढचा असेल तर लोक म्हणतात ते खरं. तुम्ही नेहमीसारखे गेलात, मी ओरडले ते वाऱ्यावर गेलं. आणि मागचा असेल तर, तर तुम्ही माझ्याकडे यायला निघाला होतात. एवढंच मला हवं होतं. सोन्यानाण्याची आशा मी कधी धरली नाही, पण हे मला हवंच होतं.

तेराव्यानंतर विक्रम म्हणाला, "आई, मी जेसीबी सांगितलाय. उचलून बाजूला घेऊ. अण्णांच्या उसाला तोड आलीय, त्यांच्या ट्रॉल्या अडल्यात." पोराची रजा संपत आली होती, शिरवळहून कंपनीचे फोन येत होते. त्याचंही खरं होतं. अण्णांनी इतके दिवस तोंडातून शब्द काढला नव्हता, आपल्याच मोकळ्या रानातून वळसा घालून ट्रॉल्या नेत होते. पण एक ट्रॉली रुतली, मग मात्र तेही आले. बांधावर उभे राहून चप्पल झटकत म्हणाले, "वैनी, मला बोलाय लाज वाटतीया. पर किती दिस ठेवायचा तिथं? बाळू असता तर त्योच म्हनला असता, काढा."

मी म्हटलं, "काढा की. पर आधी झाकण उघडा. हितंच, वाटेत. त्याच्या आधी कुणी ओढायचा न्हाई."

विक्रमनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टर पेशंटकडं बघतो तसं. "आई, आत कुठला का गिअर असेना. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो! मी त्याला काय सांगणार? तो कंपनीत मशिनवर काम करतो, मशिन बंद पडलं की चालू कसं करायचं हे त्याला कळतं. बंद पडायच्या आधी त्याला काय म्हणायचं होतं, हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही. मी नुसतं म्हटलं, "तुझा बाप शेवटी कुणीकडं तोंड करून बसलेला, ते मला बघायचंय."  मग त्यानं स्वतःच सलीमभाई मेस्त्रीला फोन लावला.

सलीमभाई आष्ट्याहून आले. तुम्ही त्यांना कधी हात लावू दिला नाहीत, पण त्यांच्या वडिलांकडून कल्टिवेटर वेल्ड करून घ्यायचात, ते त्यांना आठवत होतं. चढून बसले, क्लच दाबला, स्टार्टर मारला. इंजिन चालू झालं. सगळे दचकले, मीसुद्धा. इतक्या दिवसांनी तो आवाज. माझे पाय घराकडं वळलेही होते, तुमचं पाणी आणायला. मग सलीमभाईंनी हळूच क्लच सोडला, आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं. परत तेच केलं. परत तसंच. "क्लचप्लेट चिकटली वाटतं," ते म्हणाले. "ट्रॅक्टर मधनं सोडवावा लागंल."

मला राहवलं नाही. "प्लेट चिकटली असती तर क्लच दाबून तरी चालू कसा झाला?"

ते माझ्याकडे बघत राहिले, मग हसले. "व्हय की. बरोबर हाय. मग आतच काय तरी धरलंय." तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बघा, माझी बायको मेस्त्री झाली. झाले नाही मी मेस्त्री. इतकी वर्षं टाच ठेवून बसले, तर त्याच्या पोटात काय चाललंय एवढं कळणार नाही का?

त्यांनी दांड्याच्या बुडाचे बोल्ट सोडले. एक बोल्ट हलेना, त्यावर तेल सोडून बाकी सगळे बांधावर बसले. अण्णांनी तंबाखू मळली. ऊसतोडीच्या बायका कोयते खांद्यावर टाकून उभ्या राहिल्या.  मला बसवेना. मी मोरीपर्यंत जायची, परत यायची, परत जायची. विक्रम म्हणाला, "आई, बस ना जरा." मी म्हटलं, तू बस. आणि चालत राहिले. देवाला काही मागावं असं वाटलं, पण काय मागू? जे आत होतं ते होऊन गेलं होतं. देवालाही आता ते फिरवता येणार नव्हतं.

बोल्ट सुटला. सलीमभाईंनी दांडा टोपीसकट वर उचलला. खाली काळं तेल, जळका वास. त्यांनी फडक्यानं पुसलं आणि मला जवळ बोलावलं. "बघा वैनी. ह्या तीन पट्ट्या. परत्येकीला एक खाच. दांड्याचं टोक ह्या खाचंत बसतं. गेर पडला नसंल तर तिन्ही खाचा एका वळीत दिसतात."

त्या एका ओळीत नव्हत्या. मधली जागेवर होती. एक पुढं सरकली होती. दुसरी मागं.

"दोन गेर एकदम पडल्यात," ते म्हणाले. "म्हणून चाकं बांधल्यासारखी झाली. टोक झिजलंय दांड्याचं. एका खाचंतनं सुटलं, दुसरीत गेलं, आन पहिला गेर तसाच ऱ्हायला."

"कुठले दोन?"

"हा दुसरा." त्यांनी बोट ठेवलं. मग दुसऱ्या पट्टीवर बोट नेलं आणि जरा थांबले. "आन ह्यो मागचा. रिव्हर्स."

मी त्या खाचेकडं बघत राहिले. बोटाएवढी खाच. तेलानं माखलेली. मला त्यात हात घालावासा वाटला. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये रानाकडं चालला होतात, ते तर मीच कानांनी ऐकलं होतं. मग रिव्हर्स त्याच्यानंतर आला. दात घासले ते तेव्हा. दोन्ही वेळा.

मी मोठ्यानं म्हणाले, "फिरत होते. मागं फिरत होते ते."

अण्णा खाकरले. "वैनी, मोरीचं वळान अडचणीचं हाय. कल्टिवेटर लावला की बसत न्हाई एका दमात. जरा मागं घ्यावा लागतो."

"इतक्या वर्षांत तिथं यांनी कधी मागं घेतला? तुम्ही बघितला, अण्णा? खरं सांगा."

अण्णांनी तंबाखू थुंकली. मोरीकडं बघितलं. "न्हाई," ते म्हणाले. "कवाच न्हाई. त्यो एका दमात काढायचा."

सलीमभाईंना मात्र गप्प बसवलं नाही. "मी खोटं न्हाई सांगणार, वैनी. मानसांनी नंतर हिसडला म्हनता. त्या हिसड्यात बी टोक घसरून मागचा पडू शकतो. असं बी होतं, तसं बी होतं. कवा पडला, त्ये ह्या लोखंडावरनं सांगता येत न्हाई."

म्हणजे मला उत्तर मिळालं आणि नाहीही मिळालं. मला त्यांचा राग आला, मग गेला. खरं बोलणाऱ्या माणसावर किती राग धरणार? मी बांधावर बसले, पहिल्यांदाच. आणि तुमच्यावर इतका संताप आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. एक झाकण उघडायला काय झालं होतं हो तुम्हाला? चार बोल्ट! एक झिजलेलं टोक, एक नीट स्प्रिंग, अर्ध्या दिवसाचं काम. तुम्ही फिरत नव्हतात असं धरलं, तर तुम्ही माझं ऐकलं नाहीत. फिरत होतात असं धरलं, तर ऐकलंत, उभ्या जन्मात पहिल्यांदा निघालेल्या वाटेवरून मागे वळायला बघितलंत, आणि ह्या मेल्या लोखंडानं तुम्हाला तिथंच धरून ठेवलं. दोन्हीकडून मीच भाजते. छातीत कळ येतेय, हात दांड्यावर, दांडा पडत नाही. तुम्ही परत जोर लावलात. तो दुसरा आवाज. तो जोर कुणासाठी होता?

तिथं बसल्या बसल्या मला तुमचं सगळं चालणं आठवलं. मी धावत यायची तेव्हा कमी होणारा तो वेग. न बघता मागं केलेला हात, जो नेमका माझ्या हातापाशी यायचा. न बघता कसा यायचा हो? पाठीला डोळे असल्याशिवाय असा हात येत नाही. ज्या माणसाचं लक्षच मागे होतं, त्याला फक्त वळता येत नव्हतं. तुम्ही मला कधी थांबवलं नाहीत, पण मी तुम्हाला गाठू शकणार नाही इतक्या वेगानंही कधी गेला नाहीत. हे मला तुम्ही असताना सांगता आलं असतं. सांगितलं नाही. भांडायला वेळ पुरायचा नाही, त्यात हे कुठं सांगणार. आता सांगते. माझं तुमच्याबरोबर बरं गेलं. लय बरं गेलं.

आणि मी ठरवलं. लोखंडाला सांगता येत नसेल तर मी सांगते. तुम्ही मागे फिरत होतात. ह्यावर आता कुणी माझ्याशी वाद घालायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही.

सलीमभाईंनी जाड स्क्रू-ड्रायव्हर खाचेत घातला. "सोडवू का?" त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, "मला द्या." दुसऱ्या गिअरची पट्टी मी आधी मागं रेटली. ठक्‌ करून जागेवर आली. मग रिव्हर्सची. ती लवकर येईना. तुमचा जोर होता तिच्यात. मी पाय रोवून रेटली तेव्हा कुठं सुटली, आणि तिन्ही खाचा एका ओळीत आल्या. तुमच्या हातानं केलेलं शेवटचं काम मी माझ्या हातानं मोडलं. दुसऱ्या कुणाला ते करू दिलं असतं तर मला चैन पडली नसती.

दांडा परत बसवला. टोकाला भर घालायला लागेल, स्प्रिंग बदलावी लागेल, पण हळू नेला तर घरापर्यंत जाईल, असं सलीमभाई म्हणाले. विक्रम म्हणाला, पुढं घेऊ, आपल्या रानात वळवू आणि मग घरी आणू. सगळ्यात सोपं तेच होतं. अण्णांनीही मान हलवली.

"न्हाई," मी म्हटलं. "हितनं मागंच घ्या. घरापतूर."

"आवं वैनी, सगळी पाणंद रिव्हर्समधी?" सलीमभाई म्हणाले. "मान मोडंल माझी."

"मोडू द्या. मी चोळून देते."

अण्णा आधी हसले. मग त्यांनी टोपी काढली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मग तेच पुढं झाले आणि ऊसतोडीच्या बायकांना ओरडून बाजूला करायला लागले, "सरका, सरका गं, बाळू घरला निघालाय."

सलीमभाईंनी मान वळवली, रिव्हर्स टाकला. पडला. एका झटक्यात पडला. पैलवान मागं सरकायला लागला, मुंगीच्या चालीनं. विक्रम मडगार्डला हात लावून बाजूनं चालत होता, मोरीच्या दगडांपाशी "डावीकडं, डावीकडं" म्हणत. बाभळीपाशी त्याचा आवाज फुटला. तो तसाच हुंदके देत "डावीकडं" म्हणत राहिला. दिवसभर न रडलेलं पोर. मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मीही थांबले असते, आणि मला थांबायचं नव्हतं. मी पुढं झाले. घराकडं. पळतच. आयुष्यभर तुमच्या मागं पळाले, त्या दिवशी तुमच्या आधी घरी पोचायचं होतं.

दुरडीत सकाळची भाकरी होती. तिचा तुकडा मोडला, तांब्यात पाणी घेतलं. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात, तसं. जाऊबाई दारात होत्या. नवरा गेलेल्या बाईनं ओवाळायचं का, हे त्यांच्या तोंडावर आलेलं मी वाचलं. पण त्यांनी पदर सावरला आणि त्या वाटेतून बाजूला झाल्या.

ट्रॅक्टर अंगणात आला, हळदीच्या कडेनं, इंजिन धडधडत. सलीमभाईंनी चावी फिरवली. तुकडा मी डोक्यावरून नाही, सीटवरून ओवाळला. जिथं कुणी बसलेलं नव्हतं, सलीमभाई उतरले होते. एक तुकडा इकडं टाकला, एक तिकडं. मागच्या चाकावर पाणी घातलं, पाय धुवावेत तसं.

आणि म्हटलं, "आलासा? या."